पोटखराबा

एकतीस वर्षं हा शब्द मी लिहिला
सात-बाऱ्याच्या रकान्यात, निळ्या शाईनं,
शेवटच्या 'बा'ला किंचित शेपूट काढून.
जिथं ऊस येत नाही, नांगर अडतो,
पाणी येतं आणि आपलं आपण परत जातं,
ती जागा पोटखराबा. आकारणी शून्य.
बांधावर जाऊन बघितलं असेन
तर चार-दोन वेळा. बाकी सगळं चावडीत बसून,
मागच्या पानावरून पुढच्या पानावर.

रिटायर झालो आणि चिखलीच्या अंगाला
सोळा गुंठे घेतले, पंचगंगेला लागून.
उतारा हातात आला. आता अक्षर कुणाचंच नाही,
कॉम्प्युटरचा टाइप:
पोटखराब, तीन गुंठे.

तीन गुंठे म्हणजे अकरा वाळुंज,
शेरणीची जाळी, निरगुडी, दोन करंज,
एक उंबर, त्याचं निम्मं मूळ हवेत.
लव्हाळा मोजला नाही,
मोजायची सवय असून.

धैर्यशीलचा पुण्याहून फोन.
"आबा, नदीकाठी प्लॉट घेऊन नदीच दिसत नाही?
साफ करून घ्या. भिंत घालू, वर लॉन, दोन छत्र्या."
त्यानं फोटो पाठवला. फोटोत नदी निळी होती.
आमची नदी जुलैत चहासारखी,
मार्चमध्ये शेवाळी,
आणि कारखाना चालू असला
की तिच्या रंगाचं नाव मला येत नाही.

शेजारी घोरपड्यांच्या थोरल्यानं केलंच होतं तसं.
राजाराम बंधाऱ्यावर पाणी एकोणचाळीस फुटांच्या वर गेलं
तेव्हाही भिंत उभी होती. लोक म्हणाले, बघा.
मग पाणी उतरलं
आणि त्याच्यामागं भिंतीआडची माती उतरली,
आतल्या आत, चार दिवस.
पाचव्या सकाळी भिंत नदीकडं तोंड करून आडवी.
अजून तिथंच आहे. म्हशी अंग घासतात.

तरी मी जेसीबी सांगितलाच.
पोराला नाही म्हणायचं माझं वय गेलं.

मंगळवारी शौकत जमादार आला.
मशीन काठापासून लांबच थांबवलं,
खाली उतरून टाचेनं माती दाबत दाबत पुढं गेला.
"सायेब, ही झाडं हायत म्हणून मी हितं उभा हाय.
ही उपसली, तर हे मशीन काढाय दुसरं मशीन लागंल,
आन् त्येला काढाय तिसरं."

खाली जाळीत कुणीतरी खोकलं.
फुलाबाई माने. टोपल्यांसाठी शेरणीच्या काड्या तोडत होती.
"बुडातनं न्हाई तोडत," ती आधीच म्हणाली,
जसा मी पंचनाम्यालाच आलोय.
"वरनं घेती. पावसाळ्यात परत फुटत्यात.
आदीच्या मालकाला ठावं हुतं."

मला ठावं नव्हतं.
पीक, झाडं, विहीर, बोजा, वारस,
एवढे रकाने भरले,
फुलाबाईचा कोयता कशात बसला असता
ते आठवेना.

शौकतला अर्ध्या दिवसाचे पैसे दिले.
तो नको म्हणाला, मग घेतले.
दुपारी एका माणसापुरती वाट केली, तिरकी.
सरळ केली तर पाणी तीच वाट धरून वर येतं,
हे फुलाबाईनं सांगितलं,
आणि माझ्या हातातली फांदी काढून घेतली:
"ही न्हवं."

वाटेच्या टोकाला एका दगडावर बसलो.
नदी दिसली, दोन वाळुंजांच्या मधून, हातभर.
त्या हातभरातून एक खंड्या गेला.
परत येईल म्हणून थांबलो.
आला नाही. तरी थांबलो.

संध्याकाळी फोन.
"झालं का साफ?"
"मोजणी चालू आहे," मी म्हणालो.
"किती दिवस?"
"तालुक्याचं काम आहे, बाळा.
नकाशा जुना. नदी सरकलेली.
सांगता येत नाही."